लगामाचे दोन्ही दोर

उस्ताद,

परवा वरातीतली एक घोडी पाहिली. तिच्या लगामाचा एक दोर लाल, दुसरा निळा. दोन्ही नायलॉनचे, वेगवेगळ्या दुकानांतून आणल्यासारखे. बिचारी मान एका अंगाला घेऊन चालत होती आणि ते कुणाच्याही ध्यानात येत नव्हते. आपल्या ध्यानात आले असते. लगामाचे दोन्ही दोर एकाच माणसाने विणावेत, हा आपला नियम होता. प्रत्येकाचा हात सूत निराळ्या जोराने ओढतो. सैल विणलेला दोर वापरून लांबतो, घट्ट विणलेला लांबत नाही, आणि घोड्याचे तोंड सदैव एका बाजूस ओढले जाते.

महाराष्ट्र राज्य झाले, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी घाटंजीकडच्या आमच्या तांड्यावरून येऊन यवतमाळात आपल्या हाताखाली स्थिरावलो होतो. लग्नही झाले होते. एका टांगेवाल्याचा लगाम आपण करायला घेतला होता. एक दोर पूर्ण झाला, दुसरा अर्ध्यावर राहिला, कारण आपल्या उजव्या हाताची बोटे वळेनाशी झाली होती. आपण तो हात दुलईखाली ठेवून बसला आहात. टांगेवाला दारात उभा आहे.

"चाचा, लगाम करून राह्यले का लुगडं विनून राह्यले? घोडं म्हातारं झालं माहं."

"म्हातारं झालं त लगाम कायले पायजे? काठी घेऊन जाय."

तो हसत गेला. चाची आतून म्हणाल्या, "एक तुमी विनला, दुसरा यानं विनला, त घोडं काय भांडाले येते?"

आपण डाव्या हाताने तो तयार दोर उचलून माझ्या मांडीवर टाकलात आणि म्हणालात, "सोड."

मी म्हणालो, "उस्ताद, हा राहू द्या. मी दुसरा अगदी तुमच्यासारखा विणतो."

"माह्यासारखा कायले? तुह्यासारखा विन. सोड म्हनलं ना."

तो आपल्या हातचा शेवटचा दोर आहे, हे आपण दोघेही जाणून होतो. मी पेड सोडवीत गेलो. सुताला वेणीची वळणे बसली होती. ते भिजवून, ताणून वाळवावे लागले. मग मी दोन्ही दोर विणले. एरवी वीतभर काम झाले की आपण हात धरून चूक दाखवीत असा. त्या खेपेस समोर बसून होतात, पण एकदाही माझा हात धरला नाही.

टांगेवाल्याने लगाम चढवला, रस्त्याच्या टोकापर्यंत घोडा नेऊन आणला. घोडा सरळ गेला, सरळ आला. "चाचा, तुमचा हात हलका झाला," तो म्हणाला.

"माहा नाही," आपण म्हणालात. "याचा हाय." एवढे बोलून आपण आत गेलात. त्यानंतर आपण सुताला हात लावला नाही.

चाची पदराने डोळे पुसत होत्या. मीही मान खाली घालून उभा होतो, आणि आपल्या दुःखात मी सहभागी आहे असे सर्वांनी मानले. हे पत्र कोणत्याही पेटीत पडणार नाही, म्हणून लिहितो: घराकडे जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. उस्ताद, त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.