सवत बोलली ते

मळ्यातलं घर, बदनापूर
ता. ९ जानेवारी २०२५

ती. सौ. कौसाक्कास,
धाकट्या वंदीचा नमस्कार. दाजींना नमस्कार सांग, लेकरांच्या डोक्यावरून माझा हात फिरव.

इकडं थंडी चांगलीच पडलीय. मोसंबी ताणावर, कोरडी ठेवली होती, तिला पाणी सोडलं. प्रांजलीची चाचणी परीक्षा झाली, गणित सोडून सगळं बराबर आहे म्हणते. तुमच्या अंकुशनगरला साखर कारखान्याचं गाळप जोरात असेल. रातपाळीला जाताना दाजींना कानाला मफलर बांधायला लाव.

परवा फोनवर तू विचारलंस, "वंदे, तुमच्या रेणूच्या अंगात येतंय म्हणं, खरंय का?" मी "काही न्हाई गं, अशक्तपणाय" म्हणाले आणि ठेवून दिला. सासूबाई समोर शेंगा फोडत होत्या. आज घरातले सगळे मंठ्याला पाहुण्यांकडं गेलेत. मी मुद्दाम मागं राहिले.

खरंय अक्का. माझ्या जावेच्या अंगात दिवाळीनंतर यायला लागलं. पहिल्यांदा आलं तेव्हा भर दुपारी चुलीपुढं होती. हातातली भाकर परातीत तशीच टाकली, केस सोडले आणि निराळ्याच आवाजात म्हणाली, "मी बेबीनंदा. माझ्या घरात मला कुणी बसाय पाट सुदीक देईना का?"

बेबीनंदा म्हणजे यांची पहिली बायको. ताप डोक्यात जाऊन वारली ती. माझ्या लग्नात सासूबाईंनी तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातला, तो तू पाहिलास. सवतीनं त्रास देऊ नये म्हणून. नवी साडी आली की पहिली घडी त्या टाकाला लावायची, मंग माझ्या अंगाला. सणाचा घास पहिला तिला. आजपर्यंत एकदाही चुकले नाही. मेलेल्या बाईचा काय राग धरायचा, असं वाटायचं.

पण हे तिच्याशी बोलायला लागले गं.

पहिल्या दिवशी नुसते दारात उभे होते. दुसऱ्यांदा आलं तेव्हा रेणूसमोर मांडी घालून बसले. म्हणाले, "नंदे, तू लावलेली लिंबोणी अजून हाय बघ. बोअरला पाणी लागलंय. तू असतीस तर पाह्यलं असतंस." आवाज इतका मऊ! मी कणगीमागं उभी राहून ऐकत होते. माझ्याशी यांचं बोलणं म्हणजे "टॉवेल कुठंय", "मीठ कमीय", "लाइट आली का". तुझ्याकडं आले की दाजी जेवताना तुला किती गोष्टी सांगतात, तू मधेच हसतेस. ते पाहून घरी आल्यावर मला दोन-दोन दिवस कुणाशी धड बोलवत नाही. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

पुढं तर हे शेतातून जल्दी यायला लागले. चहा घेता घेता डोळे रेणूच्या खोलीकडं. एकदा मला वाटलं, माझ्या अंगात का येत नाही? टाक तर माझ्याच गळ्यात आहे. घरात कुणी नव्हतं. देवापुढं बसले, केस सोडले, डोळे मिटून घुमायला लागले. खूप वेळ घुमले. काही आलं नाही, मान तेवढी अवघडली. डोळे उघडले तर दारात प्रांजली, दप्तर पाठीवर तसंच. "आई, डोकं दुखून राह्यलं का तुझं?" म्हणाली, आणि बाम आणून दिला.

हसू नकोस.

त्याच संध्याकाळी मी सासूबाईंना म्हणाले, हिला बाहेरचं पाहणाऱ्याकडं न्यायलाच पाहिजे. त्या तयारच होत्या. हे म्हणाले, "कशाला तिला तरास?"

मी विचारलं, "तिला म्हणजे कुणाला? रेणूला, का तिला?"

हे उठून मोटर चालू करायला गेले.

गेल्या अमावस्येला आम्ही गेलो. मंठ्याच्या अलीकडं एका वस्तीवर एक देवरुषी बसतो. रेणू, तिचा नवरा करण, सासूबाई आणि मी. हे आले नाहीत. देवरुष्यानं रेणूच्या कपाळाला अंगारा लावला, निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या आणि तिचं तोंड धुरावर धरलं. खोकून खोकून ती काळीनिळी झाली. करण तिचे हात धरून होता, पण बघत होता भिंतीकडं.

"कोण हायेस?"

"बेबीनंदा."

"जाती का न्हाई?"

तिनं मान खाली घातली. मंग त्यानं निरगुडीची फोक उचलली आणि पाठीवर ओढली. अक्का, तुला म्हणून सांगते, पहिला फटका बसला तेव्हा मला बरं वाटलं. आतून वाटलं, अजून एक मार.

त्यानं अजून एक मारला. रेणूनं मान वर केली, नेमकं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. म्हणाली, "वंदे, कशाला जळतीस? तो माझ्याशी बी बोलत न्हवता गं. माझ्या उशाला बसून बी एक शब्द बोलला न्हाई. मेल्यावर बोलाय लागला."

ते बेबीनंदा बोलली का रेणू, मला माहीत नाही. रेणू मला वहिनी म्हणते, वंदे कधीच म्हणाली नाही. पण श्रावणात रेणूचं पोट पडलं होतं. तेव्हाही घरात कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. करण नाही, सासूबाई नाहीत. मी दवाखान्यात डबा ठेवून आले होते, बसले नव्हते.

देवरुष्यानं फोक पुन्हा उचलली आणि मी उठून त्याचा हात धरला. तो ओरडला, "बाई, सोडा! बाधा तुमच्यावर उलटंल."

"उलटू द्या," मी म्हणाले. "तिच्या अंगाला आता हात लावायचा न्हाई."

मी रेणूला उठवलं, जीपमध्ये घातलं. सगळ्या रस्त्यानं तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. घरी येऊन तिच्या पाठीला हळद-तेल लावलं, तेव्हा ती बाळाबद्दल बोलली. मुलगी झाली असती तर नाव काय ठेवायचं, तेसुद्धा ठरवलं होतं तिनं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं नेलं. रक्त कमी आहे म्हणाले, आणि तिला एकटी ठेवू नका म्हणाले. तेव्हापासून काही आलेलं नाही.

त्या दिवशी देवरुष्याकडून परतलो तेव्हा यांनी अंगणातच विचारलं होतं, "गेली का?"

"गेली," मी म्हणाले. मंग ती जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. उपरण्यात तोंड घालून रडले गं. एवढा मोठा माणूस. आणि खरं सांगू, त्या रडण्याचाही मला हेवा वाटला. मी म्हणाले, "मी मेल्यावर असं रडू नका. मी हाय अजून. काय बोलायचं ते आत्ता बोला."

उपरण्यानं तोंड पुसलं त्यांनी. मंग विचारलं, "तुला खायला काय आवडतं?"

अक्का, मला सांगताच येईना. यांना काय आवडतं, प्रांजलीला काय, सासूबाईंना काय, टाकापुढं कोणता घास ठेवायचा, सगळं तोंडपाठ. माझंच आठवेना. "सांगते" म्हणून आत गेले. ते अजून थांबलेत. काल पुन्हा विचारलं.

लहानपणी आईपाशी मी कशाचा हट्ट धरायची? तुला आठवत असेल तर लगेच कळव. फोन करू नकोस, लिहून पाठव.

जिवंत आहे तोवर वाट पाहणारी,
तुझी वंदी