पाणी तापलंय

गुरुवार, ३ जुलै. सकाळ.
आज पुन्हा नळी तुंबली. कडू पानांच्या गरम पाण्यावर, म्हणजे मातेवर, अख्खा देश जगतो. त्या देशाला न तुंबणारी धातूची नळी अजून करता येऊ नये, याची इतिहासाने नोंद घ्यावी. ओढून ओढून गालफडं बसली, तोंडात आला गाळ. दिवसाचा आरंभ असा, मग कामाचा उरक कुठून पडणार? (सांगलीच्या पाठशाळेत शास्त्रीबुवांनी ‘माते’ हे संबोधनच अशुद्ध ठरवलं असतं. पेय मात्र शुद्ध आहे.)
संकल्प: उद्यापासून साडेसहाला उठणे. दाढी, शर्ट, टाय. ऑफिसला जाताना करायचो ते सगळं, फक्त ऑफिस वगळून. आमच्या जहाज-कंपनीनं मॉन्टेव्हिडिओच्या बंदरातली जागा सोडली त्याला चार वर्षं होतील. घर हेच कार्यक्षेत्र, एवढं मनाला पटलं की झालं.

शुक्रवार, ४ जुलै.
उठलो नऊला. थंडी, इकडे जुलैत हिवाळा. अंथरुणातूनच लॉग-इन. नावापुढे हिरवा दिवा लागला, म्हणजे तत्त्वतः हजर. अकराला टाय बांधला. खाली पायजमा. नरसिंहावतार, कॅमेऱ्याला वरचं अर्धं पुरतं.
संध्याकाळी माझा नवा उपक्रम, पडद्यावरची माते-मैफल. ऑफिसात थर्मास माझ्याकडे असायचा. पाणी ओतणारा मी. एकच भांडं, एकच नळी, सगळ्यांत फिरायची. बायको, मिर्ता, वारली त्यानंतरचं वर्ष मी त्या फेरीवर काढलं. आता ज्याचं भांडं त्याच्या हाती. सगळे येणार होते, तिघे आले. साहेब वाल्देमार त्याच्या नेहमीच्या उच्चारात म्हणाला, “सादाशिव, आमच्या वाटचंही तूच पी, आम्ही बघतो.” थट्टा आहे, म्हणजे जिव्हाळा आहे. उपक्रम यशस्वी.

सोमवार, ७ जुलै.
व्यत्ययाचं मूळ सापडलं: नेलिदाबाई. भिंतीपलीकडे एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढच्या, एके काळी शाळेत भूगोल शिकवायच्या. दुपारी किटली तापली की लाकडी डावानं भिंतीवर तीनदा ठोकतात. अर्थ: पाणी तापलंय, या. मिर्ता होती तोवर आम्ही दोघंही जायचो. पण घरी असणं म्हणजे रिकामं असणं नव्हे, हे त्या पिढीला कळत नाही. जिन्यात गाठ पडली तेव्हा सांगितलं, त्या वेळी मीटिंग असते. त्या म्हणाल्या, “शेजारी, एवढ्या मीटिंगा होतात तर जहाजं वेळेवर का येत नाहीत?”
मीटिंगची वेळ झाली, असं सांगून वर आलो.

बुधवार, ९ जुलै.
बाहेरचा आवाज गिळणारे हेडफोन आणले. कानावर चढवले की वारा, बस, खालचा कुत्रा, भिंत, सगळं लुप्त. ऋषींना यासाठी हिमालयात जावं लागे. संकल्प: रोज दुपारी समाधी. पहिल्याच समाधीत झोप लागली. दोष खुर्चीचा.
तेवढ्यात हिरवा दिवा विझला होता. ऑफिसातल्या निबियानं तोड सांगितली: मनगटी घड्याळ काढून माऊसखाली ठेवायचं, काटा फिरतो, दिवा हिरवाच राहतो. मिर्तानं दिलेलं घड्याळ कामी आलं. आता मी अखंड हजर.

शुक्रवार, ११ जुलै.
मैफलीला मी आणि निबिया. तिचा कॅमेरा बंद. कांदा चिरल्याचा आवाज येत होता. बराच वेळ मी बोललो. संख्येपेक्षा गुणवत्ता महत्त्वाची.
महासंकल्प: वीस तारखेला इथला मित्रदिन. सगळ्या ऑफिसला घरी बोलावणे. प्रत्यक्ष. एकच भांडं, एकच नळी. निमंत्रण ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी पाहिलं. उत्साह जाणवतो.
नेलिदाबाईंना बोलवावं का? नको. भूगोल काढतील.

सोमवार, १४ जुलै.
निमंत्रणाला अजून उत्तर नाही. समंजस माणसं विचार करून उत्तर देतात.
रोज समुद्रकाठी फेरी मारायचा संकल्प आजपासून अमलात. मॉन्टेव्हिडिओत सगळे निघतात तसा बगलेत थर्मास मारून निघालो. खालच्या दारापर्यंत गेलो. वारा होता. परत.
दुपारी भिंतीवर नेहमीचे तीन ठोके. मी भिंतीला ‘श्श, गप्प’ केलं.

मंगळवार, १५ जुलै.
कमाल झाली. आज टकटक सकाळीच. तिनाचा नियमही नाही. चार-पाच ठोके, मग थांबायचं, मग एखादाच. आणि आवाज पार खालून, फरशीलगत. बाईंची शिस्त सुटत चालली. कामाच्या भर वेळी बोलावणं पाठवायचं म्हणजे अतिक्रमण.
हेडफोन चढवले. मे महिन्यापासून रखडलेला तिमाही अहवाल एका बैठकीत पुरा. चार वर्षांतला सर्वोत्तम दिवस.

बुधवार, १६ जुलै.
सकाळी अधूनमधून बारीक टकटक. दुपारनंतर तीही नाही. हेडफोन न लावता शांतता. बाईंना शेवटी समजलं तर.
वाल्देमारनं अहवालाला अंगठा पाठवला.

गुरुवार, १७ जुलै.
मीटिंग चालू असताना जिन्यात दार फोडल्याचा आवाज. हेडफोनमधूनही आला, पैसे वाया. तशाच टाय-पायजम्यात तक्रार करायला बाहेर पडलो.
अग्निशामक दलाची दोन माणसं. नेलिदाबाईंची भाची, मावशी फोन उचलत नाही म्हणून दुरास्नो गावाहून आलेली. बाई स्वयंपाकघरात, माझ्या भिंतीशी, फरशीवर. खुब्याचं हाड मोडलेलं. मंगळवार सकाळपासून. हातात डाव. जीव होता.
भाचीनं विचारलं, तुम्हाला काही ऐकू आलं नाही का. मी म्हणालो, मी घरून काम करतो.
हे उत्तर नव्हतं. तिनं ते उत्तर म्हणून घेतलं.

रविवार, २० जुलै. मित्रदिन.
खुर्च्या मांडल्या होत्या. ग्रुपवर सगळ्यांनी फुलांचं एकच नाचरं चित्र पाठवलं. आलं कुणी नाही. वारा फार होता.
थर्मास भरून हॉस्पिटलात गेलो. बाई उशीवर लहानशा दिसत होत्या. नर्सनं सांगितलं, माते द्यायची नाही. मी भांडं त्यांच्या हातात नुसतं धरायला दिलं, गरम होतं. मग सांगायला लागलो, की मला ऐकू आलं होतं. त्यांनी हात हलवून थांबवलं.
“मला वाटलं, मीटिंग चालू असेल,” म्हणाल्या. “म्हणून थांबून थांबून ठोकत होते.”
टोमणा असेल म्हणून चेहरा निरखला. नव्हता.

बुधवार, ३० जुलै.
भाचीनं त्यांना दुरास्नोच्या वृद्धाश्रमात नेलं. काल घर रिकामं केलं. डाव मी मागून घेतला.
आज साडेसहाला उठलो, संकल्प न करता. नळी तुंबली नाही. दुपारी पाणी तापलं, भिंतीवर तीनदा ठोकलं. रिकाम्या खोलीत आवाज चांगला घुमतो.
अहवालाची चिंता नाही, मैफलीची नाही. उद्या मी इथं फरशीवर पडलो, तर घड्याळाचा काटा फिरत राहील आणि नावापुढचा दिवा हिरवाच राहील. सगळ्यांना वाटेल, मीटिंग चालू असेल. चिंता तेवढीच आहे.