साक्षीच्या दोन बाटल्या

ता. ४ मार्च

चि. ठमाबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लस-कारखान्याचा कागद आज माझ्या वर्कशॉपात आला. उबदार खोलीचा हीटर आम्ही धड दुरुस्त केला नाही, खोली तापली, बाटल्यांतल्या पेशी मेल्या आणि विषाणू वाढायच्या आत अख्खी बॅच फुकट गेली म्हणे. खाली सही सख्ख्या पुतणीची.

मी शिकलेला नाही, पण तिथेच नऊ वर्षं बाटल्या धुतल्यात आणि कान उघडे ठेवलेत. सगळ्या बाटल्यांत विषाणू सोडला तरी दोन विषाणूशिवाय साक्षीला तशाच ठेवायच्या. त्याही मेल्या तर दोष दुसरीकडे. जोडलेल्या तक्त्यात त्या दोघी ‘ठणठणीत’ आहेत. खोली तापली आणि नेमका या दोघींनाच घाम फुटला नाही? मला एवढा दूधखुळा समजतेस?

लोभ आहे, आज तो शोधायला जाऊ नकोस.

तुझा काका

ता. ८ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

माझा राग तुमच्यापेक्षा मलाच जास्त येतोय. साक्षीच्या बाटल्या या खेपेला उरल्याच नव्हत्या. दोन बाटल्या फुटल्या, आकडा कमी पडला, तेव्हा साहेब म्हणाले, साक्षीच्या दोघींतही विषाणू सोड. अकरा वर्षांत कधी मेल्यात का त्या? मी विषाणू सोडला आणि तक्त्यात ‘ठणठणीत’ लिहिलं.

आमच्या विषाणूला पेशी मारायला चार दिवस लागतात. या वेळी पेशी दुसऱ्याच दिवशी गळून पडल्या. आत भलतंच काही वाढत असावं. साहेब म्हणे, शुद्धीकरणात जाईल गाळून. काका, ही लस तान्ह्या बाळांना टोचतात. मला बॅच नष्ट करायला कारण हवं होतं, तुमच्या हीटरचं दिलं. खरं सांगते तर नोकरी गेली असती.

रागवा, पण लोभातून नाव कमी करू नका.

आपली ठमा

ता. ११ मार्च

चि. ठमाबाईस,
आशीर्वाद, पण थोडे.

बॅच बुडवलीस ते चांगलं केलंस. पण अर्ध्यावर का थांबलीस? त्या पेशी ज्या कुप्यांतून काढल्या, त्यातल्या बाकीच्या तुमच्या फ्रीझरात आहेत ना? ते भलतं त्यांतूनच आलं असेल तर? माझ्या हीटरला फाशी झाली आणि कुप्या निर्दोष सुटल्या. पुढची बॅच त्यांतूनच निघणार. तेव्हा कोणाचा हीटर आणशील?

साहेबांची भीती वाटत असेल तर बरोबर येतो. शेजारच्या खुर्चीत नुसता बसेन.

हे केलंस की लोभाचं बघू.

काका

ता. १४ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न.

एकटीच गेले. वरच्या तपासणी अधिकाऱ्यांना दुसरा कागद दिला. त्यात हीटर नाही. साहेबांचे शब्द आहेत आणि माझा खोटा तक्ता आहे. साहेबांनी बाहेर गाठून विचारलं, आधी तू जाशील, कळतंय ना? म्हटलं, कळतंय.

कुप्यांच्या कप्प्याला सील लागलं. सोमवारची बॅच थांबली. सोमवारपासून मीही येऊ नये, असं तोंडी सांगितलंय.

आता मात्र तुमच्यावर राग आलाय. तुमचं बरोबर होतं, त्याचाच आहे. उतरला की घरी येते. तोवर लोभ सांभाळून ठेवा.

ठमा