पाकिटातच उगवलेलं कार्ड

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरचाच. प्रत्यक्ष वाकायची सोय नाही, पाठीत उसण भरली आहे. का ते खाली येईलच.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. आई मिक्सरवरून माझ्याशी बोलत नाही आणि बाबा कॉलेजवरून, त्यामुळे घरात अभ्यासाला फार छान शांतता आहे. अभ्यास करणारा तेवढा कोणी उरलेला नाही.

पण मामा, मी जिंकलो!

समोरच्या चष्म्याच्या दुकानात ‘ती’ काम करते, हे आईने तुम्हाला सांगितलंच असेल (तिच्या शब्दांत सांगितलं असेल, ते सोडून द्या). मी बाबांच्या चष्म्याचा स्क्रू घरी गुपचूप सैल करतो आणि तिच्याकडून घट्ट करून आणतो, असं आमचं कित्येक महिने चाललं होतं. सगळं सुरळीत असताना दुकानाच्या मालकांनी (अख्खी गल्ली त्यांना भिंग म्हणते) तिला दुसऱ्या गावातल्या शाखेत पाठवायचं ठरवलं. माझं डोकंच फिरलं. भिंगांशी भांडायला निघालो होतो, पण दारातच सुचलं की भांडून ती थांबणार नाही आणि मनातलं न सांगता गेली तर मी आयुष्यभर स्क्रू फिरवत बसेन. तिला असं काहीतरी द्यायचं, की जाईल तिथे ते वाढत राहील. म्हणजे बिया घातलेलं, हाताने केलेलं कागदी कार्ड. मातीत ठेवलं, पाणी घातलं की रोप!

कागदासाठी माझ्या कॉलेजच्या नोट्स भिजवल्या. (बहुतेक पानं कोरीच होती, म्हणून लगदा पांढराशुभ्र निघाला. बाबांना हे सांगू नका.) भिजलेले तुकडे आईच्या मिक्सरमध्ये घातले, वर झेंडूच्या बिया, आणि फिरवलं. कार्ड सुरेख झालं. बियांचं मात्र पीठ झालं होतं आणि मिक्सरमधून धूर येत होता. दुसऱ्या खेपेला लगदा हाताने कुटला, बिया नंतर कालवल्या, जुन्या फोटोफ्रेमला मच्छरजाळी ताणून त्यावर तो पसरला आणि कागद लवकर वाळावा म्हणून कडक इस्त्री केली. त्यातला एक तुकडा कुंडीत पुरून रोज पाणी घातलं. काही नाही. मग मी तडक रोपवाल्याकडे गेलो आणि मेलेल्या बिया विकतोस का म्हणून त्याची कॉलर धरली. त्याने शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, “इस्त्री केलीस? मग आता उगवेल काय, शर्ट?” मी कॉलर सोडली. नीटही करून दिली.

त्यानेच आळीव दिले. म्हणाला, हे बी भिंतीवरसुद्धा उगवेल, फक्त कागद वाऱ्यावर चटकन वाळव. पण माझा कागद वाळताना पापडासारखा वळायला लागला, आणि वाकडं कार्ड तिला द्यायचं? छे! ओला असतानाच मी त्याच्यावर लोखंडी ट्रंक ठेवली. (उसण इथली.) तेवढ्यात कळलं, ती उद्याच निघणार. दमट कार्डावरच शाईने मजकूर लिहिला, कार्ड पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि सकाळी तिच्या हातात देऊन पळालो.

दुपारी तिने दुकानाच्या दारातून हाक मारली, “ए स्क्रू, इकडे ये!” टेबलावर माझं कार्ड. शाई फुटून सगळीकडे पसरलेली, आणि प्रत्येक ओळीतून पांढरे मोड वर आलेले. पाकिटातच उगवलं होतं, मामा! ती म्हणाली, “यातलं एक अक्षर लागत नाही. तूच वाच.” आणि मला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं. बाकावर डोळ्यांत थेंब घालून एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, “मोठ्याने रे बाबा, आम्हाला दिसत नाही, ऐकू तरी येऊ दे.”

मी वाचलं, “बाबांचा स्क्रू कधीच आपोआप सैल झाला नव्हता.”

ती म्हणाली, “ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. ओरखडे आहेत त्याच्यावर. पुढची ओळ.”

पुढची ओळ तुम्ही वडीलधारे आहात म्हणून इथे लिहीत नाही. पण मी ती वाचली, आवाज फाटला तरी शेवटपर्यंत वाचली. ती म्हणाली, “हं. आता हीच परत.” आजोबांनी टाळ्या वाजवल्या. भिंग नुसते स्वतःचा चष्मा पुसत राहिले. संध्याकाळी तिने ते कार्ड डब्यातल्या मातीत ठेवलं आणि डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली.

मामींना नमस्कार.

आपला विजयी भाचा

ता. क. ती नवी शाखा तुमच्याच गावात आहे, भाजीमंडईच्या कोपऱ्यावर. तुमची वरची खोली रिकामी आहे ना?

ता. क. २. तुमच्या गुडघ्यामुळे तुम्हीच मला मदतीला बोलावलंय, असं आईला सांगून झालं आहे. कृपया बोलवा.

ता. क. ३. टपालाला उशीर लागेल म्हणून पत्र स्वतःच घेऊन आलो. तुम्ही हे वाचताय तोवर मी बाहेर ट्रंकेवर बसलो आहे. आधी दार उघडा, ओरडायचं ते आत घेऊन ओरडा.