ऑर्विलकाकांचं कॉलेज की मॉलमधलं?

तीर्थरूप ऑर्विलकाका यांस,

मार्नीचा वाकून नमस्कार. (वाकताना गुडघे सैल, पाठ ताठ नाही, श्वास सोडत. तुम्ही शिकवलंत तस्संच.) तुमची तब्येत कशी आहे? ॲरिझोनाच्या उन्हात सांधे मोकळे झाले असतील. गोल्फच्या गाडीने तुम्ही शेजाऱ्यांचं कुंपण आडवं केल्याचं बाबांकडून कळलं. कुंपणच चुकीच्या जागी होतं, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही नुसतं ‘काय?’ म्हणता आणि ऐन महत्त्वाच्या वाक्याला ठेवून देता. म्हणून हे पत्र. इकडे सगळे खुशाल. बाबा दिवसभर कुरकुर करतायत, म्हणजे ठणठणीत आहेत.

काका, दोन! एक नाही, दोन कॉलेजांनी मला हो म्हटलंय! तीन वर्षं ज्या पोरीला ‘आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा’ यापलीकडे काही मिळालं नाही, जिने ॲम्ब्युलन्सवर रात्रपाळ्या करत करत तेहतिशी गाठली, तिला आता ऑस्टिओपॅथीची दोन कॉलेजं ‘आमच्याकडे या हो’ म्हणून बोलावतायत. मी स्वयंपाकघरात इतक्या जोरात ओरडले की बाबा हातातला पाना घेऊनच आत आले. दुसऱ्या दिवशी धान्याच्या कोठारावर त्यांनी जाहीर केलं की पोरीवरून दोन राज्यांत भांडण लागलंय. तेव्हापासून सगळं गाव मला विचारतंय, “म्हणजे तू खरी डॉक्टर नाही होणार?” मी सांगते की खरीच होणार, औषधं देणार, टाके घालणार, बाळंतपणं करणार, शिवाय हातांनी पाठही मोकळी करणार. पोस्टातल्या बर्निसबाई म्हणाल्या, “मग बाकीचे डॉक्टर ते का नाही करत?” यावर काय बोलायचं? तुम्ही पन्नास वर्षं काय बोलत होता?

आता पंचाईत अशी की पंधरा एप्रिलच्या आत एकाला हो आणि एकाला नाही कळवायचंय. पहिलं कॉलेज तुमचं. तिथे मी जानेवारीत जाऊन आले, एवढा बर्फ की बुटांचा रंग ओळखू येईना. मुलाखतीला बसलेल्या प्रोफेसरांनी विचारलं, ऑस्टिओपॅथीच का? मी आरशासमोर घोकलेलं सुरू केलं, शरीर, मन आणि आत्मा हे तिन्ही मिळून माणूस... त्यांनी हात वर केला. म्हणाले, “आज सकाळपासून हा आत्मा चौथ्यांदा येऊन गेला. खरं कारण सांग.” माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, माझ्या काकांनी एकदा चर्चमध्ये, दोन भजनांच्या मधे, पास्टरना बाकावर पालथं घालून त्यांची पाठ सोडवली होती आणि दुसरं भजन पास्टरनी एक पट्टी वर गायलं. प्रोफेसर एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग ते मला जिन्याखाली तुमच्या वर्गाच्या फोटोपाशी घेऊन गेले. तिसरी ओळ, डावीकडून पाचवे. काका, तुम्हाला केस होते! आणि एवढे! मी काचेवर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिले. डोळे भरून आले, ते काही केसांमुळे नव्हे. त्या जिन्यावरून आपणही रोज पुस्तकं घेऊन धावावं असं फार वाटलं.

दुसरं कॉलेज केंटकीच्या डोंगरातलं, ज्याला तुम्ही थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीची तंगडी हलवत ‘मॉलमध्ये भरणारी शाळा’ म्हणालात. मॉल बंद पडलेला आहे हे मी कबूल करते. शरीररचनेचा वर्ग जिथे चपलांचं दुकान होतं तिथे भरतो आणि सरकता जिना सरकत नाही. तिथून हो आल्यावर कॉलेज बघायला बाबा मला ट्रकने घेऊन गेले. बाबांची मान तुम्हाला माहीतच आहे. अकरा वर्षांपूर्वी कोठाराच्या शिडीवरून पडले तेव्हापासून डावीकडे बघायचं तर अख्खा ट्रक वळवावा लागतो. आणि तुम्हाला हात लावू देतील तर शपथ. (“लहानपणी त्याने माझा हात पिरगळला होता,” म्हणतात. साठ वर्षं झाली.) तर बाबा गाडीतच बसणार होते, पण बाथरूम शोधत आत आले आणि एका चुकीच्या दारातून शिरले. त्या दिवशी प्रवेश मिळालेल्या आम्हा मुलांना हातांनी उपचार करायचा तास दाखवायला गावातलीच काही माणसं पेशंट म्हणून बोलावलेली होती. दारातल्या मुलाने बाबांच्या हातात अर्धी चड्डी ठेवली आणि म्हणाला, “सर, पडदा तिकडे.” आमचे बाबा सरकारी माणसाशी तास तास भांडतील, पण ‘सर’ म्हटलं की संपलं. मी पलीकडच्या टेबलावर, मीही अर्ध्या चड्डीत, एका विद्यार्थ्याकडून माझ्या फासळ्या मोजून घेत होते, तेवढ्यात मधल्या पडद्याआडून ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

बाबांच्या वाट्याला लेटा नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी आली होती. तिने घाई केली नाही. डोकं दोन्ही हातांत धरून नुसती बसली आणि विचारत राहिली, काम काय करता, झोप लागते का, घरी कोण असतं. आणि काका, आपले बाबा, जे माझ्याशी हवामान आणि टायर यापलीकडे बोलत नाहीत, ते त्या पोरीला म्हणाले, “घरी मुलगी असते. आता ती जाईल. मग मी टीव्हीशी बोलणार. तिला सांगू नकोस हं, नाहीतर जायची नाही.” लेटा म्हणाली, “नाही सांगणार, सर. मान जड सोडा.” पाचव्या मिनिटाला बाबा घोरायला लागले. नेमक्या तेव्हाच डीन, डॉ. प्रूइटबाई, आम्हा नव्या मुलांची चौकशी करत आत आल्या आणि त्यांनी मला विचारलं की हे गृहस्थ कोण. मी सांगितलं, माझे वडील, बाथरूमला आले होते. बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. परतताना चौकात बाबांनी मान वळवून डावीकडे पाहिलं. नुसती मान. माझ्याकडे बघून म्हणाले, “तिकडे पेट्रोल पंप आहे, माहीतच नव्हतं.” (दुसऱ्या दिवशी पुन्हा आखडली, पण पूर्वीइतकी नाही. मी काही चमत्कार सांगत नाही.)

तर असा पेच आहे. एकीकडे जिना, फोटो आणि तुमचं नाव. दुसरीकडे न सरकणारा जिना. तुमच्या शिफारसपत्राशिवाय दोन्ही दारं उघडली नसती, हे मी एक क्षणही विसरत नाही. तुमचा अनुभव मोठा, म्हणून तुम्हीच काय ते सांगा. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा.

तुमची आज्ञाधारक पुतणी,
मार्नी

ता. क. सांगायची तसदी घेऊ नका. मी मॉलला हो कळवून टाकलंय, त्याच संध्याकाळी, त्याच पेट्रोल पंपावरून. तुमच्या कॉलेजला नाही लिहिताना मात्र रडले. मला तो लेटाचा धीर शिकायचाय काका. ॲम्ब्युलन्समध्ये मी दहा वर्षं नुसती घाई केली. रागवा, पण पत्रातून रागवा. फोन तुम्ही ठेवून द्याल.

ता. क. २. बाबांना पडद्यामागचं काही बोलू नका. मी ते ऐकलं हे त्यांना माहीत नाही. दर रविवारी घरी यायचं मी ठरवलंय, त्यालाही ते टायर तपासून घ्यायला येणार असंच समजतायत.

ता. क. ३. आता मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये पांढरा कोट घालण्याचा समारंभ आहे. घरात कोणी ऑस्टिओपॅथ असेल तर तो कोट त्याने अंगावर चढवायचा अशी रीत आहे. फॉर्मवर एक रिकामी जागा होती, तिथे मी तुमचं नाव लिहिलंय. त्या इमारतीत माझं प्रेतसुद्धा जाणार नाही, असं तुम्ही चौदा जणांसमोर म्हणालात ते मला आठवतंय, आणि त्यांच्यापैकी बारा जण येणार आहेत. तुम्ही नाही आलात तर डॉ. प्रूइट घालतील. बाई चांगल्या आहेत. पण सहा वर्षांची असताना तुम्ही मला दारात सरळ उभं करून पाहिलं होतंत. माझा कुठला खांदा खाली आहे, हे त्यांना माहीत नाही.