ओवाळणीतली रॅम

१० ऑगस्ट
काल राखी. दादाने ताटात पाकिटाऐवजी डबी ठेवली. आत रॅमच्या दोन पट्ट्या! "तू लॅपटॉप जोडणार आहेस ना? देख, एकदम बेस्टवाली आहे." राऊच्या नोकरीतून सुट्टी टाकून जेल रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेला होता. इतकी खूश झाले की डबीवर काय लिहिलंय ते वाचलंच नाही. गाढव मी. आज वाचलं, मागच्या पिढीची रॅम आहे.

१४ ऑगस्ट
लॅपटॉपचा सांगाडा आला. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी जोडलेली, पोट रिकामं. मागवला मिलिंदने, मला न विचारता. सरप्राइज म्हणे. नवऱ्यावर रागावताही येईना. सासूबाईंनी डिस्क घेऊन दिली. "आमची भिशीची यादी पण यातच ठेवू, काय?"
एकेक भाग स्वतः निवडायचा, म्हणजे निदान एक वस्तू फक्त माझी असेल, असं ठरवलं होतं. आता उरला प्रोसेसर.

१९ ऑगस्ट
पुण्याच्या आर्किटेक्ट ऑफिसचा मेल!! घरून ड्रॉइंगचं काम, १० सप्टेंबरपासून महिनाभर ट्रायल. सात वर्षांनी पुन्हा काम. अट एकच: मशीन स्वतःचं, प्रोसेसर त्यांच्या यादीतला. यादी तीनदा वाचली.

२१ ऑगस्ट
या सांगाड्यात दोनच बोर्ड बसतात. प्रोसेसर बोर्डवरच जडवलेला, म्हणजे बोर्ड निवडला की विषय संपला. जुना बोर्ड, दादाची रॅम बसते, पण प्रोसेसर यादीत नाही. नवा यादीत आहे, पण त्याला पुढच्या पिढीची रॅम लागते. दादाची बसत नाही. खाचच वेगळ्या जागी.
तिसरा बोर्ड शोधत दुपार घालवली. नाहीये.

२४ ऑगस्ट
डबी घेऊन त्याच दुकानात. "दीदी, पैकिंग खुल गई, अब वापस नहीं होगी. आपके भिया ने तो चार बार पूछा था, कि बहन को देनी है, सबसे अच्छी दो."
हे ऐकायला नव्हते गेले.

२८ ऑगस्ट
काल गणपतीला दादा जेवायला. मोदक खाताखाता मिलिंदला म्हणतो, "प्रोसेसर कुठला पण घे यार, रॅम ए-वन आहे, टेन्शनच नाही." मिलिंद मान हलवतोय. दोघं माझ्या लॅपटॉपबद्दल बोलत होते आणि मी वाढत होते. सांगायला तोंड उघडलं. बाहेर आलं, "दादा, अजून एक घे ना."

३१ ऑगस्ट
यातलं कुणी वाईट असतं तर कडकडून भांडले असते. सगळे चांगले आहेत. जीव गुदमरतो त्या चांगुलपणाने.
पुण्याला नकार कळवावा का? असा मेल आला होता हे दादाला कधी कळणारही नाही. कुणालाच नाही.

२ सप्टेंबर
सासूबाई: "पितृपक्ष लागायच्या आत काय ते मागवून घे बाई. मग पंधरा दिवस नवीन वस्तू नको." म्हणजे ७ तारखेच्या आत घरात यायला हवं.

३ सप्टेंबर
मागवला. नवा. त्याची रॅमही. मिलिंद ऑफिसला गेल्यावर. मग अर्धा तास गच्चीत, वाळलेल्या कपड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या घालत.

६ सप्टेंबर
दोन्ही आलं. रॅमचं पाकीट साड्यांखाली ठेवलं. बोर्डाचा खोका मिलिंदने बघितला आणि दादाला फोन करून मोकळा. तिकडून दादा, "हात नको लावूस! उद्या मी येतो. माझी रॅम मीच बसवणार, फोटो काढू." मी म्हटलं, ये.

७ सप्टेंबर, सकाळ
सगळे उठायच्या आत बोर्ड बसवला, नवी रॅम लावून बघितली. लॅपटॉप चालू झाला. सात वर्षांनी माझ्या नावाने काहीतरी चालू झालं, रडूच आलं.
मग पट्ट्या परत काढल्या. साड्यांखाली. खाचा रिकाम्या ठेवल्या आहेत, दादासाठी. बसत नाही हे माझ्याऐवजी बोर्डानेच सांगितलं तर? की आत्ता, तो आल्या आल्या, मीच…
खाली त्याची गाडी लागली. सासूबाई म्हणतात, दार उघड.