फेट्याखालचा इअरफोन

विटा, गुरुवार

प्रिय,

पुढं काय लिहावं तेच सुचंना. "अहो" लिहिलं की हाक मारल्यासारखं होतं, आणि हाक मारली की तुम्ही बोट वर करता, थांब म्हणून. म्हणून नुसतंच प्रिय. तुम्ही वर माडीवर बसलाय, मी खाली सैपाकघरात. मधे अकरा पायऱ्या. लग्नानंतर तुम्ही लांब सेलमला सोनं गाळायच्या गलाईत आणि मी इथं विट्यात, तवा आंतर्देशीय पत्रं लिहायची, त्यानंतर आज पेन धरतेय. मोबाईलवर लिहिलं असतं, पण तिथं माझा मेसेज दुकानाच्या मेसेजांखाली गडप होतो. हे पत्र तुमच्या चार्जरपाशी ठेवणार हाय, तिथं तुमचा हात नक्की जाईल.

सकाळी अपेक्षाचा फोन आला होता. कुंडलला सासरी सगळं बरं हाय. सासू तिला भाकरी थापू देत न्हाई, म्हणते तुझ्या भाकरीला कोपरं येतात. लय हसली पोरगी. पप्पा काय करत्यात म्हणून विचारलं. मी म्हटलं, दुकानात हायत. खोटं न्हाई बोलले.

चार वर्षांमागं सेलमच्या दुकानात कॅमेरे बसवलेत, कारागीर अर्जुनाच्या हाती किल्ल्या दिल्यात आणि कायमचे घरी आलात, तवा मी औंधला जाऊन यमाईची ओटी भरून आले. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, क्रांती, नशीब काढलंस, आमचे मालक अजून वर्षातनं एकदा तोंड दाखवत्यात. मला बी तसंच वाटलं. पण तुम्ही चहाबरोबर दुकान उघडता. जेवताना फोन तांब्याला टेकवून ठेवता. त्यात कॅमेऱ्यांचे चार चौकोन. कोण गिऱ्हाईक आलं, अर्जुनानं भट्टी कवा पेटवली, सगळं त्यात. घास तोंडात आणि तिकडं सांगणं चालू, आच वाढीव, आच कमी कर. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं न्हाई. तुम्ही दोन वाट्या जेवलात.

तुमचं बी खरं हाय. गलाईचं काम नजरेचं, डोळा हलला की माल गेला. त्याच दुकानावर पोरगी शिकली, हे घर उभं राहिलं. मी नावं ठेवत न्हाई.

अपेक्षाच्या लग्नाचं मात्र लिहिते, कारण त्यावर आपण दोघं कधी बोललोच न्हाई. एक दिवस दुकान बंद ठेवा म्हटलं, तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जातं म्हणालात. फेट्याखाली कानात ते पांढरं बटण घातलं होतंत, मी बघितलं होतं. फेटा नीट करायच्या निमित्तानं काढून घ्यावं असं मनात आलं, पण पाहुण्यांत कुठं हात लावायचा. कन्यादानाला बसलो. पोरीचा हात तुमच्या हातात, मी झारीनं पाण्याची धार धरलेली. भटजींनी "मम" म्हणायला सांगितलं, आणि तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "मूस उतरव आता."

सोनं वितळवायच्या भांड्याला मूस म्हणत्यात हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. अख्खा मांडव हसला. कुंडलकरांना समजावून सांगावं लागलं, मग ते बी हसले. तुम्ही हसलात. मी धार सोडली न्हाई.

पाठवणीच्या आधी अपेक्षा साडी बदलायला आत आली. पदराला पिना लावता लावता म्हणाली, "आई, पप्पांनी माझा हात घट्ट दाबला. मला वाटलं, माझ्यासाठी." मी म्हटलं, तुझ्यासाठीच गं. ती गाडीत बसली तवा सगळ्या बाया रडल्या. मला रडू आलं न्हाई. वाटलं, दमलेय, उद्या येईल. त्याला पाच महिने झाले. अजून आलं न्हाई. राग बी येत न्हाई. तुम्ही वरनं चहा मागता, मी आणून देते, आणि आत काहीच हलत न्हाई. याची मला भीती वाटती.

तुम्ही सेलमला होता तवा दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीला यायचात. पंधरा दिवस. पहिल्या दिवशी पोरगी तुम्हाला बघून दारामागं लपायची, चौथ्या दिवशी पाठीवरनं उतरायची न्हाई. दुकानाचं नाव निघायचं न्हाई. तेवढे दिवस तुम्ही पुरे माझे असायचात, आणि बाकीचं वर्ष मी त्यावर काढायची. वाट बघायची मला सवय होती, त्यात मी रडायची, भांडायची, जिती होते. समोर बसलेल्या माणसाची वाट कशी बघायची, ते मला जमंना. म्हणून हे लिहिलं. तुम्ही परत सेलमला जा. रुसून सांगत न्हाई. सोमवारचं तिकीट काढून आणलंय, चादरी धुतल्यात, डिंकाचे लाडू डब्यात भरल्यात. तिथं पुरे राहा. आणि दसऱ्याला याल तवा ते चार चौकोन तिथंच ठेवून या. मी स्टँडवर घ्यायला येईन.

तुमचीच,
क्रांती